पॅडलमधला प्ले

माझ्या वडिलांना मी एकदा खोटं पाडलं. त्यासाठी मला साक्षीदार लागला नाही की कागद लागला नाही. मोबाइलवर इंटरनेटचा स्पीड दाखवणारा एक हिरवा काटा पुरला.

दारव्ह्याला माझं दुकान आहे. पुढच्या टेबलावर ऑनलाइन फॉर्म भरून देतो, मागच्या टेबलावर कॉम्प्युटर दुरुस्त करतो. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचा पासवर्ड हरवला की लोक माझ्याकडे येतात. आणि वीस वर्षं लोक असे अडून अडून दारात येत राहिले की माणसाला एक रोग जडतो. समोरच्यानं अर्धं वाक्य बोलावं आणि उरलेलं आपणच पूर्ण करावं, असा तो रोग. बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचं म्हणजे दाराची कडी आतून लावलेल्या घराशी बोलायचं. ती बरोबर बोलते, पण हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

वडील ट्रक ड्रायव्हर होते. जिनिंगमधून रुईच्या गाठी भरायच्या आणि सांगतील तिथं पोचवायच्या, हे काम त्यांनी उभी हयात केलं. मालक बदलले, ट्रक बदलले, ट्रकच्या मागची अक्षरं बदलली. स्टेअरिंगवरचे हात तेवढे तेच राहिले. ट्रक त्यांचा स्वतःचा कधीच नव्हता. दसऱ्याला ते मालकाच्या ट्रकला हार घालत, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी हातभर पुढे घेत आणि पेढे मात्र मालकाच्या घरचे खाऊन परत येत.

मग मारेगावकडच्या रस्त्यावर तो अपघात झाला. गाडी गाठींनी भरलेली होती, उतार होता. डाव्या हाताच्या पांदणीतून, म्हणजे शेतवाटेनं, एक म्हातारा सायकल घेऊन अचानक डांबरीवर आला. सायकलच्या मागे कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीचा भारा आडवा बांधलेला. वडिलांनी ब्रेक दाबला. गाडी घसरत गेली आणि बंपरचा कोपरा भाऱ्याला लागला. दवाखान्यात नेईपर्यंत म्हातारा गेला. त्याची बायको पाठीमागून पायी येत होती, डोक्यावर दुसरा भारा घेऊन. तिनं सगळं पाहिलं.

केस चालली. तिची साक्ष एवढीच होती की गाडी आधी आली आणि ब्रेकचा आवाज नंतर आला. आमच्या वकिलानं तिला अंतर विचारलं, ते तिला सांगता आलं नाही. वेळ विचारली, तीही सांगता आली नाही. डोक्यावर भारा असताना मान वर करून किती दिसतं, असंही विचारलं. वडील सुटले. कोर्टातून बाहेर पडताना ती पायरीजवळ उभी होती. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, "भाऊ, ब्रेक जरासा अगुदर दाबला असता तं."

वडील तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "माह्या मायची आन, बाई. दिसल्याबरोबर दाबला म्या. पाय उशिरा नाही पडला."

मी शेजारीच होतो. आईची शपथ वडिलांनी त्याआधी कधी घेतलेली मी ऐकली नव्हती.

त्यानंतर ते स्टेअरिंगला शिवले नाहीत. लायसन्स परत मिळालं होतं, मालकाचा फोनही आला होता, पण ते गेले नाहीत. जीपमध्ये बसून यवतमाळला जायची वेळ आली तर पुढच्या सीटवर बसत नसत. मागच्या सीटवर बसले तरी समोर काही आडवं आलं की त्यांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जाई. जीपवाल्याच्या आधी. मी ते पाहायचो आणि खिडकीबाहेर बघायचो.

कॉम्प्युटरची गोष्ट या सगळ्यात फार नंतर आली. मला गेमचा शौक आहे. चाळिशीतल्या माणसानं हे सांगू नये म्हणतात, पण आहे. दुकानात पडलेल्या जुन्या कॅबिनेटमध्ये मी एक चांगलं ग्राफिक्स कार्ड बसवलं, यवतमाळहून कुणाचा तरी वापरलेला स्टेअरिंगचा संच आणला. टेबलाला आवळायचं चाक, खाली तीन पॅडल, बाजूला गिअर. एका दुपारी वडील माझा डबा घेऊन आले तेव्हा मी पडद्यावर ट्रक चालवत होतो. ते डबा हातात धरून पाच मिनिटं उभे राहिले.

"क्लच सोडून गिअर टाकून राह्यला तू," ते म्हणाले. "डबा तोडशीन."

डबा म्हणजे गिअरबॉक्स. मी उठलो. ते बसले. खुर्ची पुढे घेतली, चपला काढल्या, तिन्ही पॅडल एकदा दाबून पाहिली. अपघातानंतर पहिल्यांदा ते चाकामागे बसले होते. मला काय करावं ते सुचेना म्हणून मी जेवणाचा डबा उघडून जेवायला लागलो.

आठवड्याभरात मी ती सगळी मांडामांड घरी, मागच्या खोलीत नेली. या गेमची एक सोय अशी की लोक स्वतःचे रस्ते तयार करतात आणि ते आपल्याला आपल्या मशीनमध्ये टाकता येतात. कुणीतरी आपल्याकडचे रस्ते केले होते. डाव्या बाजूनं चालायचं, मध्येच बैलगाडी, शेताच्या वाटेवरून येणारी सायकल, रस्त्याच्या कडेनं बाया. मी ते मशीनमध्ये टाकले. वडिलांनी दुसऱ्याच दिवसापासून एक नेम धरला. भरलेला ट्रक घ्यायचा, बेताचा वेग ठेवायचा आणि एका विशिष्ट उताराच्या रस्त्यानं जायचं, जिथं सायकली आडव्या येतात. सायकल आली की ब्रेक. ट्रक थांबला की ते हळूच म्हणत, "वाचला."

पहिले काही दिवस मला वाटलं, म्हातारपणी खेळात जीव रमला. चौथ्या का पाचव्या दिवशी मी चहा घेऊन गेलो, ट्रक थांबला, ते "वाचला" म्हणाले, आणि कोण वाचला ते माझ्या ध्यानात आलं. मी चहा टेबलावर ठेवून बाहेर आलो.

मी त्यांना काही विचारलं नाही. विचारायचं काय! रोज सकाळी अंघोळ झाली की ते तासभर चालवत आणि उठत. एवढ्या वर्षांत न दिसलेली भूक त्यांना लागायला लागली. मशीनला ते 'गाडी' म्हणत. "गाडीवर धूळ बसली, पुसून टाक," असं सुनेला सांगत. दसऱ्याला त्यांनी कॅबिनेटला झेंडूचा हार घातला आणि ब्रेकच्या पॅडलखाली लिंबू ठेवून पायानं चिरडलं. रस आत गेला तर स्विच खराब होईल म्हणून मी कुरकुर केली. ते म्हणाले, "अबे, जिंदगीत पह्यली गाडी हाय सोताची. पूजा करू दे."

आणि एका सकाळी, चाकावर हात तसेच ठेवून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "एकडाव नाही चुकला. पाय बरोबर हाय आपला. आता जर बरोबर हाय, तं तवा कसा उशिरा पडंल?"

मी म्हटलं, "नाहीच पडला, बाबा."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यासाठी ते रोज बसत होते, हे तेव्हा मला स्वच्छ कळलं होतं. कळलं नव्हतं अशी सबब मला सांगता येणार नाही.

पण आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मागच्या खोलीवर पत्रा. मशीन तासभर चाललं की खोलीत पाय ठेवावासा वाटेना. व्होल्टेज असं खालीवर व्हायचं की पंखा कधी रडायचा, कधी उडायला बघायचा. कार्ड दोनदा गेलं, दोनदा मीच जोडलं. त्याच सुमारास मी नव्या पद्धतीबद्दल वाचायला लागलो होतो. गेम आपल्या घरी चालवायचाच नाही. तो दूर कुठंतरी कंपनीच्या मोठ्या मशीनवर चालतो, आपल्याकडे फक्त चित्र येतं. आपण बटण दाबलं की ते तिकडं जातं, तिकडं काम होतं, झालेलं चित्र परत येतं. घरी ना कार्ड, ना उष्णता, ना आवाज. जुना टीव्ही आणि मुठीएवढी डबी असली की झालं. दुकानात येणाऱ्या कॉलेजच्या पोरापोरींसमोर मी यावर भाषणं ठोकायला लागलो. मशीन घेणं म्हणजे आता मूर्खपणा आहे, असं मी छातीठोक सांगायचो. खोटं कशाला बोलू, पुष्कळ खेळांसाठी ते आजही खरं आहे. कोडी सोडवायची असतील, गोष्ट बघत पुढं जायचं असेल, तर घरात मशीन असलं काय नि नसलं काय.

दिवाळीनंतर वडील केळापूरला नात्यातल्या एका लग्नाला गेले, दोन दिवसांसाठी. डिझाइन शिकणारी एक मुलगी यवतमाळहून मशीन बघायला आली, तिला आवडलं, ती घेऊन गेली. मी वडिलांना विचारलं नाही. त्यांचा फायदाच करतोय, तर विचारायचं काय, हा तो मघाचाच रोग.

ते परत आले. चाक होतं, पॅडल होती, टेबल होतं. टेबलाखालची जागा रिकामी होती.

"गाडी कुठं गेली?"

मी तयारीतच होतो. डबी दाखवली. "गाडी आता कंपनीपाशी उभी हाय, बाबा. मुंबईले असंल, नाहीतं हैदराबादले. आपून इथून चालवाची. डिझेल त्याइचं, मेंटेनन्स त्याइचा. आपल्याले कायचीच कटकट नाही."

वडील टेबलाखाली बघत राहिले. "मंजे गाडी मालकाची, अन् आपून चालवाची."

"हो."

"हे तं म्या जिंदगीभर केलं," ते म्हणाले, आणि पाय धुवायला मोरीत गेले.

मी हसलो. बायकोलाही सांगितलं, बाबा काय बोलले बघ. ती हसली नाही हे माझ्या लक्षात आलं, पण मी चाक जोडण्यात गुंतलो होतो. ते चाक त्या डबीनं ओळखायलाच दोन दिवस खाल्ले.

चित्र फार सुंदर आलं. आमच्या मशीनवर कधी आलं नव्हतं असं. झाडाचं पान न् पान दिसत होतं. फक्त रस्ते परदेशी होते. आपले रस्ते त्यात टाकता येईनात. मालकाच्या गाडीत आपलं सामान ठेवायला बंदी होती. सायकली नाहीत, बैलगाड्या नाहीत, गुळगुळीत रस्ता आणि आडव्या रस्त्यांवरून येणाऱ्या चकचकीत मोटारी. वडिलांनी तक्रार केली नाही. ड्रायव्हरला रस्ता कोणताही चालतो, म्हणाले. उताराचा एक रस्ता त्यांनी शोधून काढला, भरलेला ट्रक घेतला आणि निघाले. डावीकडून एक लाल मोटार आली. त्यांनी ब्रेक दाबला. ट्रक मोटारीवर गेला.

मग पायानं ब्रेक दोनतीनदा हलका दाबून पाहिला. "प्ले आला," ते म्हणाले.

हा मेकॅनिक लोकांचा शब्द. चाक फिरवलं आणि टायर लगेच न वळता मध्ये थोडी मोकळी जागा गेली, तर स्टेअरिंगमध्ये प्ले आहे म्हणतात. पॅडल दाबलं आणि ब्रेक धरायच्या आधी पाय थोडा फुकट खाली गेला, तर तोही प्ले. कुठंतरी सांधा ढिला झाला, पिन झिजली, नळीत हवा गेली, म्हणजे माणसाचा पाय आणि गाडीचं चाक यांच्यामध्ये काहीतरी शिरलं.

मी टेबलाखाली शिरून पॅडल उघडलं, साफ केलं, स्प्रिंग पाहिली. सगळं घट्ट होतं. "कुठं हाय प्ले?" मी विचारलं.

"मले काय मालूम कुठं हाय. पायाले समजते. हाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. वडिलांनी स्वतःचा पाना आणून पॅडलचे नट आवळले. ब्रेकखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून पाहिला. एकदा म्हणाले, "लिंकेज किती लांब हाय? गाडी हैदराबादले उभी अन् पॅडल इथं. इतक्या लांबच्या लिंकेजले प्ले राहीनच नं."

त्यांनी नेमकं सांगितलं होतं. शाळा सातवीपर्यंत झालेल्या माणसानं, माझ्या धंद्यातला शब्द न वापरता, दोष जिथं होता तिथं बोट ठेवलं होतं. आणि मी त्यांना समजावलं की तारेतून जाणाऱ्या गोष्टीला असलं जोडदांड्यांचं लिंकेज नसतं, प्रकाशाचा वेग काय असतो, आणि वर मोबाइल काढून स्पीड दाखवला. काटा हिरव्यात गेला. "पाह्य बाबा. याच्यापेक्षा फास्ट दारव्ह्यात कोनापाशीच नाही." नळाला पाणी किती धो धो येतं तेवढं मी मोजलं होतं. तोटी फिरवल्यावर पाणी यायला किती वेळ लागतो, ते मोजायचं मला सुचलंच नाही. सुचलं नाही म्हणण्यापेक्षा, सुचू दिलं नाही. मशीन मी विकलं होतं, भाषणं मी ठोकली होती.

आठदहा दिवसांनी वडिलांचे एक जुने सोबती घरी आले. तेही ट्रकवर होते, आता नातवंडं सांभाळतात. दुपारची वेळ होती. वडील त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेले, मोठ्या हौसेनं चाकावर बसले. मी दारातच उभा होतो. आडवी मोटार आली, ट्रक तिच्यावर गेला. पुन्हा घेतली, पुन्हा गेला.

सोबती हसले. "म्हतारा झाला गा तू."

"प्ले हाय याच्यात," वडील म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "पयल्या गाडीत नव्हता. या गाडीत प्ले हाय."

सोबत्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या दुकानाचा, माझ्या अकलेचा प्रश्न असल्यासारखं मला झोंबलं. "प्ले-बिले काही नाही, बाबा," मी म्हटलं. "मशीन एक नंबर हाय. तुमचाच पाय उशिरा पडून राह्यला."

सोबत्यांनी विषय बदलला, चहा घेतला, गेले. मी मोबाइलवर कुणाच्या तरी फॉर्मचं काम बघत बसलो. वडील अजून खुर्चीतच होते, चाकाकडे पाठ करून. पुष्कळ वेळानं त्यांनी विचारलं, "कवापासून?"

"काय कवापासून?"

"पाय. कवापासून उशिरा पडत असंल?"

मी मान वर केली नाही. "असंल पहिलेपासूनच," मी म्हटलं. "आपलं आपल्याले समजत नाही ना."

हे वाक्य मी उच्चारलं. माझ्याच आवाजात, माझ्याच घरात, फॉर्ममध्ये कुणाची तरी जन्मतारीख भरता भरता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील लवकर तयार झाले. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. मारेगावकडे जाऊन येतो म्हणाले. कुणाकडे, असं मी विचारलं, तर म्हणाले, "हाय एक काम." चौकात जाऊन त्यांनी यवतमाळची जीप धरली. जुन्या ओळखीपाळखी असतील, असं मी धरून चाललो. फोन त्यांनी नेहमीसारखा फळीवरच ठेवला होता.

त्या दिवशी दुकानात सर्व्हर बंद होता, फॉर्म भरता येत नव्हते. दुपारी मी घरी आलो आणि सहज त्यांच्या खुर्चीवर बसलो. तोच रस्ता घेतला, तोच भरलेला ट्रक. आडवी मोटार आली. मी ब्रेक दाबला आणि ट्रक मोटारीवर गेला. मला वाटलं, माझं लक्ष नव्हतं. पुन्हा घेतला. पुन्हा गेला. चौथ्यांदा मी दबा धरून बसलो होतो, तरी गेला.

मग मी मोबाइल एका डब्याला टेकवून असा उभा केला की खाली पॅडलवरचा माझा पाय आणि वर टीव्ही, दोन्ही एकाच चौकटीत यावेत. ट्रक मागून दिसेल असं चित्र घेतलं, म्हणजे ब्रेक लागला की त्याचे मागचे लाल दिवे दिसतील. मोबाइलमध्ये हालचाल संथ करून दाखवायची सोय असते, ती लावली. पाय मारला. मग बसून पाहिलं.

पाय खाली जातो. पॅडल तळाला टेकतं. वर ट्रक तसाच चालतोय, दिवे काळे. पाय तळाला टेकलेलाच आहे. ट्रक चालतोच आहे. मग दिवे लागतात.

एरवी डोळ्यांना कळणार नाही एवढाच तो वेळ होता. पण भरल्या ट्रकच्या वेगाशी त्याचा हिशोब लावला तर तेवढ्यात एक सायकल बसते, मागच्या भाऱ्यासकट.

मला आधी आनंद झाला. लाज वाटते, पण सांगतो. दोष सापडला की दुरुस्तीवाल्याला होतो तो आनंद. प्ले होता! बाबा बरोबर होते! मी ओरडून बायकोला बोलावलं, तिला ते दाखवलं. तिनं एकदा पाहिलं आणि विचारलं, "मग काल तुमी मामाजीले काय म्हटलं?"

तेव्हा कुठं "कवापासून?" हा शब्द माझ्या कानात शिरला. आणि मारेगाव. फोन फळीवर होता. तरी मी तो लावून पाहिला. फळीवर वाजला.

ऊन उतरल्यावर वडील आले. हातात कापडी पिशवी होती, हिरव्या तुरीच्या शेंगांनी भरलेली. ती त्यांनी सुनेच्या हातात दिली. "उकडजो," म्हणाले. अंगणातल्या खाटेवर बसले, पाणी प्यायले. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मी विचारायच्या आधीच ते बोलले.

"त्या बाईच्या घरी गेलतो. डोये अधू झाले तिचे. आवाजावरून वळखलं मले. म्या सांगतलं, बाई, तुमी म्हनत होत्या ते खरं होतं. माहा पाय उशिरा पडला. म्या मायची खोटी आन घेतली."

मी उभाच होतो.

"मग म्हने, भाऊ, इतके वर्स सारं गाव मले म्हनत होतं का तुले दिसलंच नाही, भारा होता तुह्या डोक्यावर. मलेबी मंग तसंच वाटाले लागलं होतं. म्हने, मी आपल्या डोयाले खोटं म्हनत बसली. रडली थोडीशी. मग उठून वावरात गेली अन् ह्या शेंगा तोडून आनल्या. नाही म्हटलं तं ऐकेच ना. म्हने, खरं बोलाले इतक्या लांबून कोन येते."

इथं मी गप्प बसू शकलो असतो. हे मी रात्रंदिवस घोळवलं आहे. मोबाइल खिशातच राहू द्यायचा. त्यांना शांत वाटत होतं, तिला शांत वाटत होतं. पण काल मी जे बोललो होतो ते मला सोसवत नव्हतं. त्यांच्यासाठी नव्हे, माझ्या मानेवरचं ओझं उतरावं म्हणून मी मोबाइल काढला आणि म्हटलं, "बाबा, हे पाहा."

त्यांनी पाहिलं. त्यांना पुन्हा समजावून सांगावं लागलं नाही. पाय तळाला आणि दिवे काळे, हे ड्रायव्हरला कोण समजावणार. त्यांनी ते चारपाच वेळा लावायला लावलं.

"मंजे प्ले होता."

"हो बाबा."

"पाय बरोबर हाय."

"बरोबर हाय. माहंच चुकलं. काल मी उगाच बोललो."

"ह्या गाडीत चुकला. पयल्या गाडीत कवाच नाही चुकला." ते जणू स्वतःचीच उलटतपासणी घेत होते. "तं त्या दिवशीबी..."

"त्या दिवशीबी वेळेवरच पडला असंल, बाबा."

त्यांनी मोबाइल खाटेवर पालथा ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा मोकळेपणा जाताना मी पाहिला. "मंग म्या तिले खोटं सांगून आलो," ते म्हणाले.

"उद्या जाऊ आपून. मी येतो संगं. मी समजावून सांगतो त्याइले, मशीनचं कसं झालं ते."

"काय सांगशीन?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "का तुह्या डोयाले दिसलं ते खोटंच होतं म्हनून? आज तं तिले तिचे डोये वापस भेटले, अन् उद्या तू जाऊन काढून घेशीन?"

त्या दिवशी त्या उतारावर काय झालं ते दोघांनाच ठाऊक होतं, आणि दोघांच्याही जवळचं ते मी, एका डबीपायी, कायमचं बिघडवून टाकलं होतं. मशीन परत आणायचं मी बोललो तेव्हा त्यांनी नुसता हात हलवला.

बायको ताट घेऊन बाहेर आली. शेंगांना वाफ होती, वर मीठ. तिला आतून सगळं ऐकू आलं होतं; तरी उकडलेलं समोर ठेवायचं म्हणून तिनं ठेवलं. वडिलांनी एक शेंग उचलली, बोटांनी दाबली, सोलली नाही. परत ताटात ठेवली आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"ह्या तिनं खरं बोलनाऱ्याले देल्ल्या," ते म्हणाले. "मले नको."

मी ताट उचलून आत नेलं. त्या शेंगा आमच्या घरात कुणीच खाल्ल्या नाहीत.